लाडकूआत्याची लाथ

परवा माझी नात कमरेवर हात ठेवून "आई गं" करत खुर्चीतून उठली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, मग दुसरं काय होणार! मी सहज बोलून गेले, "लाडकूआत्या असती तर एक लाथ घातली असती, मोकळी झाली असतीस." नातीने माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारीला आता कुठे नेऊन दाखवावी याचा विचार करत असावी.

"आजी, लाथ?"

हो बाई, लाथ. आणि तुझी आजी आज दोन पायांवर उभी आहे ती ज्या लाथेमुळे, ती तर आत्याने मारलीच नव्हती. पण हे असं मधूनच सांगून कुणाला कळायचं नाही. मुळापासून सांगायला हवं.

लाडकूआत्या माझी कुणी सख्खी आत्या नव्हे. मुरबाडपासून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. ती तिथली माहेरवाशीण. लग्न होऊन गेली, नवरा लवकर वारला, भावाच्या घरी परत आली आणि सगळ्या गावाची आत्या झाली. तिच्याहून वयाने मोठे म्हातारेसुद्धा तिला आत्याच म्हणायचे. अंगाने काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि त्या काटक्यांना खाली जोडलेली दोन भलीमोठी फताडी पावलं. देवाने पावलं करताना माप दुसऱ्याच कुणाचं घेतलं असावं.

ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. वाकताना, ओझं उचलताना पाठीत एकदम कळ भरते, तिला आमच्याकडे उसण म्हणतात. आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते अशी समजूत. आत्या म्हणायची, "जगात आली तीच मी लाथ मारीत. पयली सुईनीला बसली. तिची बी उतरली आसंल बिचारीची."

तिच्या लाथेचे कायदे होते. सकाळी यायचं, अनशापोटी. गोठ्याच्या दाराचा खांब धरून तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. मग ती गप्पा सुरू करायची. "भात कसा हाय? म्हस व्याली का? सासू जेवते का नीट?" माणूस उत्तर देण्यात गुंतला की मधेच धप्प! सांगून मारलेली लाथ लागू पडत नाही, असं तिचं म्हणणं. लाथ बसली की तडक घरी चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही; बघितलं की उसण परत भरते. घ्यायची काहीच नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. "पाय काय मी घडवला, त्याचं मोल घ्यायला?"

एकदा तलाठी भाऊसाहेबांना उसण भरली. आत्याच्या गोठ्याशी ते येणार ही बातमी फुटली, आणि एरवी त्यांच्या दारात ताटकळणारं निम्मं गाव आपापल्या कामाचं निमित्त काढून तिथे हजर. भाऊसाहेब खांब धरून उभे. मागून कुणीतरी ओरडलं, "आत्या, आमच्या सातबाऱ्याची पन एक घाला!"

"गप रे," आत्या म्हणाली. मग अगदी गोड आवाजात, "भाऊसाहेब, आमच्या भावाच्या फेरफाराची नोंद कधी करताव?"

"पुढच्या आठ..."

धप्प!

नोंद त्याच आठवड्यात झाली. लाथेने की लाजेने, कोण जाणे.

पायाळू माणसावर वीज पडते, ही दुसरी समजूत. भातकापणीच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून यायचं, गडगडायला लागायचं, आणि बायका विळे घेऊन हळूहळू आत्यापासून लांब सरकायच्या. आत्याच्या ते बरोब्बर लक्षात यायचं. मग ती विळा टाकून त्यांच्या मागे धावायची. "पळता कुठं गो? या ना जवळ! एकटीला वर जायाला कंटाळा येतो मला!" सगळ्या किंचाळत बांधावरून पळायच्या आणि ही चिखलात फतक फतक पाय आपटत मागे. वीज कधी पडली नाही. पण मी त्या धावण्यात एकदा नवीकोरी चप्पल घालवली.

हो, मीही पळायचे. मी म्हणजे शहापूरची लेक! शहापूरला तालुक्याचा बाजार, कचेऱ्या, जवळच आसनगावला रेल्वे. त्यामुळे आपण जवळजवळ विलायतेतूनच या गावात दिलेल्या आहोत, असा माझा समज होता. त्यात दहावी पास. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर सगळ्या बायकांसमोर मी जाहीर केलं होतं, "असल्या अडाणी गोष्टींवर माझा नाही बाई विश्वास." वर्ष उलटायच्या आत हंडा उचलताना अशी वाकले, की वाकलेलीच राहिले. डोक्यावर पदर ओढून, सशासारखी इकडेतिकडे बघत भल्या सकाळी आत्याच्या गोठ्याशी गेले.

"कोन गो? शापूरकरीन?" आत्या आतून म्हणाली. "विश्वास घरी ठेवून आलीस ना? बरं केलंस. हितं जागा कमी हाय."

लाथ बसली, आणि मी सरळ झाले. तेव्हापासून माझ्याइतकी कट्टर भक्तीण अख्ख्या गावात नव्हती. आणि त्या भक्तीनेच माझा घात व्हायची वेळ आली.

नव्वदची वर्षं. मी चाळिशीला टेकलेली, मुलगी पाचवीत. पाठीच्या मधोमध एक दुखणं सुरू झालं. आधी चिमटा काढल्यासारखं, मग कुणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखं. मी त्याला नाना कारणं दिली. भाताची पोती, खाली वाकून सारवणं, गादीतला कापूस. सासूबाईंना तर मी मनातल्या मनात कायमचंच कारण धरून ठेवलं होतं. संध्याकाळी अंगात कणकण यायची. चहा घेतला की उतरेल, म्हणून दोनदा चहा. वजन उतरू लागलं, त्याचा मात्र मला फार आनंद! ब्लाउज ढगळ झाले. मुरबाडला हळदीकुंकवात एकीने विचारलं, "किती बारीक झालीस गं, काय करतेस?" मी मान वेळावून म्हटलं, "रोज चालते ना." मी कुठली चालतेय! घरातून परसात आणि परसातून घरात.

आत्याकडे गेले. एक लाथ घेतली. दोन दिवस बरं वाटलं, किंवा वाटायलाच हवं म्हणून वाटलं. महिन्याने दुसरी घेतली. ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. मग एका दिवशी असं झालं, की मला पीठ मळताना ताटासमोर बसवेना. दिवस मावळताना तशीच उठले आणि आत्याचा खांब जाऊन धरला.

"सकाळी ये गो. तिन्हीसांजंला नाय मारत."

"आत्या, सकाळपर्यंत दम नाही निघायचा. एकच मारा."

तिला दया आली असावी. लुगडं खोचून माझ्या मागे उभी राहिली आणि तिने नेहमीप्रमाणे बोलणं सुरू केलं. कुठल्याशा नवरदेवाची गोष्ट होती, मांडवात धोतर सुटलेल्या. मी खदखदून हसले. तेवढ्यात तिचं पाऊल माझ्या पाठीला लागलं. लागलं, आणि तिथेच राहिलं. लाथ काही बसेना.

"मारा ना!"

"हसलीस कशी गो तू?"

"तुम्ही हसवलंत म्हणून."

"उसन भरलेला मानूस हसत नाय. हसला तर वरडतो. आनि पाठ तापलीय तुजी."

"उन्हातून आले."

"ऊन कवाच मावळलं. माज्या टाचंला कळतंय नि तुला नाय कळत?" तिने पाय खाली घेतला. "ही माज्या पायाची नाय. डाक्तरकडं जा."

मला काय राग आला म्हणून सांगू! "तलाठ्याला मारता, दारू पिऊन पडलेल्यांना मारता, मलाच का नाही?"

"त्यांना उसन व्हती. तुला काय हाय ते मला म्हाईत नाय. म्हाईत नाय तिथं पाय ठेवू नये. चिखलात बी नाय नि पाठीवर बी नाय."

मी पाय आपटत घरी आले. (माझ्या पायांनी कुणाचं काही बरं होत नव्हतं, तरी आपटले.) आणि ठरवलं, जगात काय ही एकटीच पायाळू आहे? शहापूरच्या वाटेवरच्या एका गावात बारकू नावाचा पायाळू होता. नाव बारकू, पण माणूस दारात मावायचा नाही. त्याची लाथ बसली की दोन दिवस उठवत नाही, पण उठलं की ताठच, अशी त्याची कीर्ती. त्याचं घर नेमकं कुठे, हे मी गुपचूप कुणाला विचारावं? आत्याच्या भावजयीला! एवढी माझी दहावीची हुशारी.

घरी सांगितलं, माहेरी शहापूरला जाऊन येते. सकाळी फाट्यावर जीपमध्ये बसले, तर शेजारी आत्या येऊन चेपून बसली.

"तुम्ही कुठे?"

"शापूरला. सुया आनायच्यात."

"सुया मुरबाडला मिळत नाहीत?"

"मिळतात. पन बोथट."

बारकूचं गाव आलं. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, उठायला गेले, तर उठवेना. आत्या माझ्या पदरावर बसली होती.

"आत्या, उठा. मला इथे उतरायचंय."

"हितं तुजं कोन हाय?"

"आहे एक ओळखीचं."

"वळखते मी त्याला. माजाच जातवाला तो, उलटा आलेला." मग जीपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चल रे ड्रायव्हर, थांबू नको. सुनेला माहेरी सोडायची हाय, वाटेत मन फिरलंय तिचं!"

जीपमधली सगळी माणसं माझ्याकडे बघून गालात हसायला लागली आणि गाडी निघालीसुद्धा. शहापूरपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र समोरच्या बाईला सुयांचे भाव विचारत होती.

सुयांच्या दुकानाकडे तिने पाहिलंही नाही. थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"चारेक दिवस झाले," मी म्हटलं.

"चार म्हैनं," आत्या म्हणाली.

"ताप?"

"नाही."

"रोज तिन्हीसांजंला."

"वजन कमी झालं?"

मी जरा खुशीतच म्हटलं, "हो!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं. फोटो आल्यावर दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, पाठीचा एक मणका खाल्ल्यासारखा झालाय. टीबी असेल, किंवा दुसरं काही. त्या "दुसरं काही"चं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि ते न घेतल्यानेच मला कळलं. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन तपासावं लागेल.

"पाठीला मार लागलाय का? कुणी चोळलं, तुडवलं?"

मी खाली बघितलं. आत्या पुढे झाली. "माजी लाथ लागलीय. दोनदा. तिसरी नाय मारली."

मला वाटलं, आता डॉक्टर तिला फाडून खातात. पण ते फोटोकडे बघतच म्हणाले, "नाही मारलीत ते फार बरं झालं. मणका पोकळ झालाय. जोराचा दणका बसला असता तर हिचे पाय गेले असते. आयुष्यभर अंथरुणात."

परतीची जीप खच्चून भरली होती. त्या गर्दीत, जिथे बोट ठेवायला जागा नसते, तिथे आत्या उजवा पाय पोटाशी ओढून, दोन्ही हातांनी धरून बसली होती. एखादं खोडकर पोर धरून बसावं तशी. बारकूचं गाव गेलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तिसरी उचललीवती गो मी."

मुंबईच्या हॉस्पिटलात सुई घालून मणक्यातला तुकडा काढला आणि मला घरी पाठवलं. निकाल यायला दिवस लागणार होते. ते दिवस मला अजून आठवतात. आमचे हे कारखान्यात जायचे, संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे. मला फळीवर निजून राहायला सांगितलं होतं. वर बघत मी एकच विचार करायची: मीच गेले तर पोरीच्या वेण्या कोण घालणार? बाकी संसार कसाही चालतो, पण पाचवीतल्या पोरीला केस विंचरायला आई लागते.

आत्याला हे मी सांगितलं नव्हतं. पण ती रोज सकाळी यायची, पोरीला पुढ्यात घ्यायची आणि अशा घट्ट वेण्या घालायची, की पोरीचे डोळे तिरके व्हायचे. "आत्या, दुखतंय!" पोर रडायची. "दुखू दे. सुटनार तर नाय ना?"

आणि त्या दिवसांत आत्याने लाथ बंद केली. सरपंच खुद्द अर्धे वाकून तिच्या अंगणात उभे होते. आत्या सुपात तांदूळ निवडत बसलेली. "पाय बंद हाय."

"आत्या, मला सरळ होता येईना!"

"मंग तसंच जा. खाली पडलेलं काय गावलं तर उचल."

निकाल आला. टीबी. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. क्षयाचं नाव त्या काळी खेड्यात मोठ्याने घेत नसत. लोक त्या घरचं पाणी टाळायचे. सासूबाईंनी ठरवलं, बाहेर सांगायचं, "कमरेत वायू धरलाय." तोवर आत्या गुळाची ढेप फोडून गल्लीत निघालीसुद्धा. दारोदार गुळाचा खडा हातावर ठेवत, "घ्या गो, तोंड गोड करा! आमच्या शापूरकरनीला टीबी झाला!"

लोकांना कळेना, हसावं की रडावं. आत्या समजावून सांगायची, "गोळ्या हाईत गो त्याच्यावर. दुसरं असतं तं गोळ्या नवत्या." मग आमच्या घरी आली, माझ्या उशाशी ठेवलेला माझा अर्धा प्यालेला चहाचा कप उचलला आणि दारात जमलेल्या सगळ्या बायकांच्या देखत पिऊन टाकला. "साखर कमी हाय," म्हणाली. त्यानंतर आमच्या घरचं पाणी कुणी टाळलं नाही.

पुढे दीड वर्ष गोळ्या चालल्या. आधी फळीवर, मग पाठीला पट्टा बांधून, मग हळूहळू चालत. आत्या येऊन नाचणीची आंबील पाजायची आणि गावभरच्या भानगडी सांगायची. मी गोळी जिभेखाली ठेवून फसवते असा तिला पक्का संशय. "आ कर," म्हणायची. मी चाळिशीची बाई आणि रोज तिच्यासमोर आ करायची. (आणि खरं सांगायचं तर एकदा-दोनदा गोळी जिभेखाली होती.)

बरी झाले. डॉक्टरांनी सांगितलं, आता काही नाही, मणका भरला. मी आनंदाने आत्याकडे गेले आणि चेष्टेत खांब धरून उभी राहिले. "मारा आता!" ती इतकी दचकली, की हातातला तांब्या पडला. "मस्करीत पन नको गो." तिने गावाला लाथा मारणं पुन्हा सुरू केलं होतं, पण माझ्याजवळून जाताना तो पाय ती जरा लांबून न्यायची. वर्षामागून वर्षं गेली, तरी तिच्या लेखी माझी पाठ काचेचीच राहिली. सगळे म्हणत, बरी झालीस. आत्याचा पाय म्हणत नव्हता. आणि मला, काय सांगू, तोपर्यंत ते खरं वाटायचं नाही.

आत्या गेली त्या वर्षाची गोष्ट. त्या घट्ट वेण्यांची माझी लेक बाळंतपणाला आली होती. पाळण्यातून नात उचलायला वाकले, आणि पाठीत लख्खकन कळ भरली. मला वाटलं, तोच मणका परत. यांनी त्याच दिवशी शहापूरला नेलं. जुनेच डॉक्टर, त्यांनी फोटो काढला, तपासलं, म्हणाले, "काही नाही हो, उसण आहे. आजीबाई झालात, जरा जपून वाका." मी विचारलं, "आमच्या आत्याची लाथ चालेल?" ते हसायला लागले. "हळू मारायला सांगा."

दुसऱ्या दिवशी अनशापोटी, वाकडी-वाकडी, गोठ्याशी पोचले. आत्या पार थकली होती. भिंतीला धरून चालायची. मी सगळं सांगितलं. तिने मला खांब धरायला लावलं आणि धोतर सुटलेल्या त्याच नवरदेवाची गोष्ट काढली. मी हसले, आणि हसताच "आई आई गं!" करून ओरडले.

"वरडलीस!" आत्या म्हणाली. इतकी खूश झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "वरडलीस गो शापूरकरनी! उसनच हाय ही!"

मग मागे तिची पावलं सरकली. मग तिचा आवाज. "नातीचं नाव काय ठेवलंस?"

"अजून बारसं व्हायचंय, पण जावयांची बहीण म्हणते..."

लाथ कसली ती! वासराने येऊन पाठीला नाक लावावं, तेवढीच.

"जा आता. वळू नको."

मी चालू लागले. अंगणाच्या कडेपर्यंत कायदा पाळला. मग काही राहवलं नाही, वळून बघितलं. आत्या त्याच खांबाला धरून, जिथे सगळं गाव धरून उभं राहायचं तिथे, कशीबशी वाकली होती. आपल्याच उजव्या पावलाला तिने हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. मान वर केली तर मी बघतेय.

"बगितलंस ना, मेले!" ती ओरडली. "आता भरंल परत!"

"भरू दे!" मीही ओरडले. "उद्या परत येते!"

पण उसण परत भरली नाही. चार दिवस मी वाट बघितली.